ठमीच्या मापाचे हारे

मुलांनो आणि मुलांच्या आयांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही. पण त्या राज्यात एक नदी होती, नदीकाठी वेळूचे बन होते आणि बनाच्या कडेला भिवरा नावाची एक बाई राहत होती, एवढे मात्र पक्के.

भिवरा वेळूच्या वस्तू विणायची. सुपे, रोवळ्या, परड्या, पाळणे. तिच्या रोवळीतून तांदळाचा कण खाली पडायचा नाही, असे लोक म्हणत. तिचा नवरा वेळू तोडायला वरच्या जंगलात जायचा, आणि गेला की पंधरा-पंधरा दिवस यायचा नाही. मग घरात भिवरा, तिची लेक ठमी आणि एक तांबडी कोंबडी. ठमी तेव्हा नुकती वर्षाची झाली होती. ती धरून उभी राहायची, हात सुटला की धपकन बसायची आणि बसल्यावर स्वतःच टाळ्या वाजवायची.

त्या राज्याच्या सीमेवर बारा चौक्या होत्या. दर दिवाळीला राजा प्रत्येक चौकीला एक हारा भरून बुंदीचे लाडू पाठवी. हारा म्हणजे मोठी, उभट टोपली. त्या वर्षी कोठीतले जुने हारे उंदरांनी कुरतडून टाकले, आणि राजाच्या कोठावळ्याने पुढच्या दिवाळीसाठी नवे बारा हारे विणायला भिवराला बोलावले.

हा कोठावळा राजाची सगळी कोठी सांभाळायचा. माणूस वाईट नव्हता. पण त्याचा मापावर जेवढा विश्वास होता, तेवढा माणसांवर नव्हता.

"उद्यापासून टेकडीवरच्या कारखान्यात ये," तो म्हणाला. "सगळ्या विणणाऱ्या तिथंच बसतात."

"रावजी, माझी मुलगी लहान आहे. तिला आणलं तर चालेल?"

"छे! तिथं कोयते, पाती. मुलांना आत घेत नाहीत. शेजारणीकडं ठेव की."

भिवराने मान हलवली. "मग मी घरीच विणते ना. दर पौर्णिमेला एक हारा देईन. बारा पौर्णिमा, बारा हारे."

कोठावळा हसला. "घरी? घरी काम होत नसतं, बाई. मूल रडलं की उठणार, दूध उतू गेलं की उठणार. तू हारे विणशील की उठाबशा काढशील?"

"दोन्ही करीन," भिवरा म्हणाली.

कोठावळ्याने कोपऱ्यातली वेळूची एक काठी काढून तिच्या हातात दिली. काठीच्या मध्यावर लाखेची लाल खूण होती. "ही मापाची काठी, जुन्या हाऱ्यांपेक्षा चार बोटं आखूड. अख्ख्या काठीएवढी उंची, खुणेएवढी बुडाची रुंदी. बाराही चौक्यांना सारखेच लाडू गेले पाहिजेत. एक जरी हारा मापाबाहेर गेला, तर दिवाळीनंतर कारखान्यात येऊन बसायचं. मग मूल लहान की मोठं, मी विचारणार नाही."

भिवराने काठी कपाळाला लावली आणि ती घरी आली.

पहिला हारा तिने अगदी काठीबरहुकूम विणला. फक्त काठ बांधायचा राहिला होता. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि ती आत पळाली. इकडे ठमीने मापाची काठी उचलली, कोंबडीच्या अंगावर फिरवली, कोंबडी पळाली तशी रांगत तिच्या मागे गेली, आणि कंटाळा आल्यावर काठी दिली टाकून. कुठे? सोललेल्या वेळूंच्या ढिगात!

भिवरा परत आली. हात पुसता पुसता तिने ढिगातली वरची काठी घेतली, कोयत्याने चिरली, तिच्या पातळ कामट्या काढल्या आणि हाऱ्याचा काठ बांधून टाकला. मग अंगण झाडेपर्यंत तिने ठमीला त्या नव्या हाऱ्यात उभे केले. काठ बरोबर ठमीच्या काखेत आला. दोन्ही हात बाहेर टाकून ती अशी उभी राहिली, जशी सज्ज्यात उभी राहून राणी मिरवणूक पाहते. थोड्या वेळाने पाय पसरून बसली, तर तिची बोटे समोरच्या बाजूला टेकली.

पौर्णिमेला राजवाड्याचा म्हातारा गाडीवान केरबा आला आणि हारा घेऊन गेला.

दुसरा हारा विणायला घेतला, तेव्हा भिवराने काठी शोधली. घर शोधले, अंगण शोधले, कोंबडीचे खुराडेही शोधले. शेवटी सालपटांत तिला बोटभर तुकडा सापडला, आणि त्याच्या टोकाला लाल लाख लागलेली होती. तिच्या सगळे ध्यानात आले. तिने मापाची काठी चिरून हाऱ्याला बांधली होती, आणि हारा तर कधीच राजाच्या कोठीत जाऊन पडला होता!

आता काय करावे? कोठावळ्याकडे जाऊन दुसरी काठी मागावी? तो म्हणेल, जिला काठी सांभाळता आली नाही, ती काम काय सांभाळणार! भिवराचे पाय काही उंबऱ्याबाहेर पडेनात.

ठमी तिच्या पदराला धरून उभी होती. तिच्याकडे पाहता पाहता भिवराला आठवले. उभी राहिली की काठ काखेत. बसली की बोटे समोर.

"अगं, तूच की माझी काठी!" ती ठमीला म्हणाली. "काठी हरवते. तू थोडीच हरवणार आहेस?"

तेव्हापासून प्रत्येक हारा ठमीच्या मापाने होऊ लागला. बूड विणले की ठमीला त्यात बसवायचे. भिंती वर आल्या की उभे करायचे. ठमीलाही ते आवडे. आई भोवताली विणत असे आणि ती आत बसून कामट्यांशी बोलत असे.

घरचे काम कसे असते, ते आयांना मी काय सांगायचे! एक हात हाऱ्यात, एक हात पाळण्याच्या दोरीला. डाळ शिजते आहे का याकडे एक कान, ठमी गप्प का आहे याकडे दुसरा. पण भिवराचे हात थांबले नाहीत. थांबत नसे ते आणखी एकच, ठमीचे बोलावणे.

"आई, बग!" ठमी पहिल्यांदा एकटी उभी राहिली तेव्हा ओरडली.

"बघितलं हं," भिवरा म्हणाली. पण तिची मान खालीच होती. काठ बांधताना नजर हलली की कामटी सुटते.

"आई, बग!" ठमीने कोंबडीला आपला घास भरवला.

"बघितलं, बघितलं."

मनात ती म्हणे, पौर्णिमा होऊ दे, मग निवांत बघेन. एक पौर्णिमा झाली की पुढचा हारा सुरू होई. केरबा मात्र येताना ओरडतच येई. "काय गं लाडवे, हाऱ्यात घालून तुलाच नेऊ का?" आणि ठमी नव्याने शिकलेला शब्द दोन्ही पाय आपटून म्हणे, "नाही!"

अशा बारा पौर्णिमा गेल्या. कोजागिरीला बारावा हारा गेला आणि दुसऱ्याच दिवशी भिवराला राजवाड्यावर बोलावणे आले. लेकीला कडेवर घेऊन ती निघाली.

कोठीच्या अंगणात बाराही हारे ओळीने मांडले होते. भिवराने ते असे शेजारी शेजारी पहिल्यांदाच पाहिले. पहिल्यापेक्षा दुसरा किंचित मोठा, दुसऱ्यापेक्षा तिसरा, आणि बारावा तर पहिल्याच्या शेजारी थोरला भाऊ वाटत होता.

"हे काय आहे?" कोठावळा कडाडला. "मी हारे सांगितले होते की जिना? माझी काठी कुठे आहे?"

आता लपवून काय होणार होते? भिवरा म्हणाली, "काठी इथंच आहे, रावजी. पहिल्या हाऱ्याच्या काठात."

कोठावळा वाकला. काठाच्या कामटीवर लाखेचा लाल ठिपका दिसत होता. केरबाने हसू लपवण्यासाठी खोकल्यासारखे केले.

"आणि बाकीचे अकरा कशानं मोजलेस?"

"हिच्यानं," भिवरा हळूच म्हणाली आणि तिने ठमीला खाली ठेवले. "चूक झाली, रावजी. त्याच दिवशी येऊन सांगायला हवं होतं. घरचं काम जाईल म्हणून भ्याले. पण मी लबाडी केली नाही. प्रत्येक हाऱ्याचा काठ हिच्या काखेत आल्याशिवाय मी हात थांबवला नाही."

"उभी कर बघू तिला."

"नाही!" ठमी म्हणाली. आणि कुणी उचलायच्या आतच ती आपणहून पहिल्या हाऱ्याकडे धावली, आणि पाय टाकून आत शिरली. हारा म्हणजे तिचे घरच होते ना!

पण काठ आता काखेत येईना. तो तिच्या पोटापाशीच राहिला. मग केरबाने तिला उचलून बाराव्या हाऱ्यात ठेवले. तिथे मात्र काठ बरोबर काखेत आला. दोन्ही हात बाहेर टाकून ठमी सगळ्यांकडे राणीसारखी पाहू लागली.

भिवरा पाहतच राहिली. "अगं बाई," ती पुटपुटली, "एवढी झालीस? कधी?"

ती खाली बसली. वर्ष कामात गेले, लेकीचे काहीच मनात राहिले नाही, असे तिला कितीतरी दिवस वाटत होते. आता तिचा हात एकेका हाऱ्यावरून फिरू लागला.

"हा तिसरा. याचा काठ चावून चावून हिला पहिली दाढ आली, हे बघा दातांचे व्रण. या चौथ्यात ती एकटी उभी राहिली. आणि हा..."

"हा पाचवा," कोठावळा नकळत म्हणाला. "याचं काय?"

"यात कोंबडीनं अंडं घातलं, रावजी. आणि ही त्या अंड्यावर जाऊन बसली!"

केरबा आता मोठ्याने हसला. कोठावळ्याच्याही मिशा हलल्या. मग त्याने त्या चौथ्या हाऱ्यावर हात ठेवला. "माझी मुलगी सासरी असते," तो म्हणाला. "ती पहिलं पाऊल टाकत होती, तेव्हा मी इथं लाडू मोजत होतो. ती तेव्हा केवढी होती, हे दाखवायला माझ्याकडं काही नाही."

पण लगेच त्याने हात मागे घेतला. "ते असो. मापाबाहेर ते मापाबाहेर. बारा चौक्यांना कमीजास्त लाडू गेले, तर राजाला मी काय सांगू? दिवाळीनंतर तू कारखान्यात..."

"रावजी, रागावणार नसाल तर एक बोलू?" केरबा पुढे आला. "तीस वर्षं मी ही गाडी हाकतोय. घाटावरच्या चौकीत माणसं चार. तिथं शिमग्यापर्यंत लाडवांना मुंग्या लागतात. नदीपलीकडच्या चौकीत माणसं साठ. ती मला दरसाल शिव्या घालतात. तुमचं माप सारखं आहे हो, पण चौक्या कुठं सारख्या आहेत? हे बारा हारे बघितले आणि मला वाटलं, शेवटी कुणीतरी चौक्या बघून विणलं! शिवाय हे बघा."

त्याने पहिला हारा दुसऱ्यात ठेवला, दुसरा तिसऱ्यात, असे करत करत बाराही हारे एकात एक जाऊन बसले. "रिकामे हारे परत आणायला चार गाड्या लागायच्या. आता एक पुरे."

कोठावळ्याने वाकून एकात एक बसलेले काठ एकेक करून मोजले. मग म्हणाला, "लहान हारा घाटावर. मोठा नदीपलीकडं. होऊ दे यंदा असंच. चौक्यांचा निरोप येईपर्यंत मी काही बोलत नाही."

भिवराची दिवाळी मोठ्या धाकधुकीत गेली. पंधरवड्याने केरबाची एकच गाडी बाराही रिकामे हारे घेऊन वेळूच्या बनापाशी थांबली, आणि मागून कोठावळा स्वतः उतरला. बारा चौक्यांमधून त्या वर्षी पहिल्यांदाच एकही तक्रार आली नव्हती. घाटावरच्या चौघांनी तर लाडू पुरले आणि उरलेही नाहीत, असा खास निरोप धाडला होता.

"कोठीतले उंदीर हेही हारे सोडणार नाहीत. पुढच्या वर्षीही हेच बारा आकार," कोठावळा म्हणाला. "घरीच वीण. ज्यांची मुलं लहान आहेत, त्या कारखान्यातल्या बाकीच्या बायकांनाही मी तसं सांगितलंय. पण बाई, या खेपेला काठीनं मोज. तुझं माप थांबायला तयार नाही."

भिवरा हसली. तिने तिथल्या तिथे वेळूची नवी काठी तोडली, बाराही हारे मोजले आणि काठीवर बारा खुणा केल्या. ती काठी तिने उंच आढ्याला टांगली. ठमीचा हात पोचणार नाही इतकी उंच.

दुसरी एक काठी तिने दारापाशी रोवली. दर पौर्णिमेला ती ठमीला तिथे उभे करी आणि डोक्याच्या उंचीवर खूण करी. आणि अंगणातून "आई, बघ!" अशी हाक आली, की ती हातातली कामटी गुडघ्याखाली दाबून धरी, मान वर करी आणि खरोखर बघे. ठमी तेवढ्यावर खूश होऊन पुन्हा कोंबडीच्या मागे पळे. तेवढ्याने एकही हारा कधी उशिरा गेला नाही.

तात्पर्य: जे मूल रोज डोळ्यांसमोर असते, त्याचे वाढणे सहज दिसत नाही, म्हणून हातात कितीही काम असले, तरी त्याने हाक मारली की मान वर करून त्याच्याकडे पाहावे.