दिवाणजींचा उजेड

महाराजांच्या दिवाणखान्याला एकच खिडकी, तीही पश्चिमेला भिंतीबाहेर डोकावणारी. दुपारी ऊन थेट महाराजांच्या डोळ्यांत! दिवाणजींनी वाळ्याचा पडदा नाकारला, बांबूची चिक नाकारली आणि तुळसाक्का सुतारणीला भर दरबारात बजावलं, "ऊन अडलं पाहिजे आणि उजेडही पडला पाहिजे. नाहीतर गाव सोडायचं! या संस्थानात आजवर जो काही उजेड पडलाय, तो माझ्यामुळे. कळलं?"

तुळसाक्कांनी जाड सागवानी झडपा बसवल्या आणि दरबार भरल्यावर धाडकन लावून घेतल्या. मिट्ट काळोख!

"अगं बाई, उजेड कुठाय?" दिवाणजी गरजले.

"ऊन अडवायला झडपा आहेत, दिवाणजी. उजेड पाडायला तुम्ही आहात ना!"

अंधारात पहिलं कोण हसलं ते दिसलं नाही. पण आवाज महाराजांचा होता.