माती फुगली, चिंगी अडली

काळ्या मातीचं एक गाव होतं. गावात एक गल्ली होती. गल्लीत शेवंताताईंचं घर होतं. आणि त्या घरात कोण राहायचं?

चिंगी चिचुंद्री!

चिंगी एवढीशी. तुमच्या बोटाएवढी. पण नाक? नाक हेऽऽ लांब! जिथे तिथे खुपसायची. पिठात नाक. चपलेत नाक. डब्यामागे नाक. आमच्या गल्लीत एवढं लांब नाक आणखी एकाच बाईचं होतं. ती कोण, ते मागाहून सांगते.

चिंगी रोज झुरळं पकडायची. तुरुतुरु जायची. गप्पकन धरायची. कुर्रुम कुर्रुम खायची. शेवंताताईंच्या कोठीच्या खोलीत झुरळ औषधालासुद्धा उरलं नाही.

ताई खूश झाल्या. संक्रांतीला त्यांनी तिळाचे लाडू केले. एक लाडू कोठीच्या खोलीत ठेवला. खाली. कोपऱ्यात.

"चिंगे, हा तुझा हं. तुझ्या कष्टाचा. तिळगूळ घे, गोड बोल!"

"चिक् चिक्!" चिंगी गोड बोलली.

लाडू केवढा? चिंगीपेक्षा मोठा! चिंगीने ठरवलं, एकदम नाही खायचा. रोज थोडा चाटायचा. दाराखालून आत जायची. एकदा चाटायची. डोळे मिटायची. परत यायची.

एके दिवशी सकाळी चिंगी आली. तुरुतुरु, तुरुतुरु. दाराखाली नाक घातलं. आणि काय!

वाटच नाही!

दार फरशीला टेकलेलं. घट्ट! मुंगीसुद्धा जाईना, तर चिंगी कुठून जाणार?

शेवंताताई आल्या. दार ओढलं. हेऽऽ हप्प! उघडेना. दार ढकललं. हेऽऽ हुप्प! उघडेना. ताईंनी पदर खोचला. लांबून धावत आल्या. धाड्! दार तिथेच. ताई मात्र खाली. धप्प!

आत लाडू. बाहेर चिंगी. मधे दार. लाडवाचा वास येतोय, लाडू येत नाही. चिंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढंसं. तिळाएवढं.

चिंगी दाराला म्हणाली,

"दारोबा, दारोबा, उघडा ना!
लाडू मला मिळेना!"

दारोबा म्हणाला, "मी नाही उघडत जा! दिवाळीत मला रंध्याने तासलं. खर्र खर्र! शेजारच्या काकूंनीच सांगितलं होतं, 'दार तासा, दार तासा.' मी बारीक झालो. तरी अडकलोच! चौकटीने मला धरलंय. आधी चौकटीला सांग."

चिंगी चौकटीकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चौकटीताई, चौकटीताई, सोडा ना!
दार काही उघडेना,
लाडू मला मिळेना!"

चौकट म्हणाली, "मी नाही सोडत जा! अगं, मी किती छान होते! चार कोपरे, चारही सरळ. आता बघ, पतंगासारखी झाले! भिंत मला दाबतेय. आधी भिंतीला सांग."

चिंगी भिंतीकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"भिंतीबाई, भिंतीबाई, सरळ व्हा ना!
चौकट दार सोडेना,
दार काही उघडेना,
लाडू मला मिळेना!"

भिंत म्हणाली, "मी नाही होत जा! ही बघ माझी भेग. वरपासून खालपर्यंत! नवा रंग दिला होता गं, पोपटी! सगळा चिरला. पाया मला खालून ढोसतोय. आधी पायाला सांग."

पाया कुठे असतो? भिंतीच्या खाली. जमिनीच्या आत. चिंगी घराबाहेर गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. भिंतीपाशी नखांनी उकरलं. खर खर खर! पाया दिसला. दगडाचा. जाडजूड. कपाळाला आठ्या.

"पायाबुवा, पायाबुवा, खाली बसा ना!
भिंत सरळ होईना,
चौकट दार सोडेना,
दार काही उघडेना,
लाडू मला मिळेना!"

पायाबुवा म्हणाले, "मी नाही बसत जा! मला काय हौस आहे उभं राहायची? तिकडचं टोक खाली, इकडचं टोक वर. कंबर धरली माझी! माती खालून फुगलीय. आधी मातीला सांग."

चिंगी आणखी खाली गेली. मातीत नाक खुपसलं. पच्च! नाक काळं झालं.

काळी माती गुबगुबीत बसली होती. पोट टम्म!

"मातीमाय, मातीमाय, पोट आवरा ना!
पाया खाली बसेना,
भिंत सरळ होईना,
चौकट दार सोडेना,
दार काही उघडेना,
लाडू मला मिळेना!"

मातीने आधी ढेकर दिली. ढ्रुऽऽक! मग म्हणाली, "मी नाही आवरत जा! मी काळी माती, बाळा. ऊन लागलं की आकसते. भेगा पडतात. आऽऽ वासून बसते. पाणी मिळालं की पिते. गटागटा, गटागटा! पिते आणि फुगते. घराचा तिकडचा कोपरा बघ. कोरडा! तिथली माती कशी शहाण्यासारखी बसलीय. पण इकडे? इकडे रोज पाणी! पोट कसं आवरू? आधी पाण्याला सांग."

चिंगीने इकडे तिकडे पाहिलं. भिंतीपाशी एवढंसं डबकं होतं. त्यात पाणी लोळत होतं. बुडुक बुडुक.

"पाणीदादा, पाणीदादा, वाट बदला ना!
माती पोट आवरेना,
पाया खाली बसेना,
भिंत सरळ होईना,
चौकट दार सोडेना,
दार काही उघडेना,
लाडू मला मिळेना!"

पाणीदादा म्हणाला, "मी नाही बदलत जा! मला कुठे पाय आहेत? नेतील तिकडे जातो. ओततील तिथे मुरतो. रोज सकाळी एक बादली येते. भस्सकन मला इथेच ओतते. आधी बादलीवालीला सांग."

"बादलीवाली कोण?"

पाणीदादा हळूच म्हणाला, "शूऽऽ! शेजारच्या काकू!"

आता शेजारच्या काकू म्हणजे बाई फार चांगली हं. मायाळू. कामसू. दिसायलाही बरी. फक्त जराशी चौकस. कुणाकडे पाहुणे आले? काकूंना माहीत. कुणाच्या कढईत काय? काकूंना माहीत. सगळ्या गल्लीचं सगळं माहीत!

काकू मागच्या दारात उभ्या होत्या. हातात बादली. फरशी पुसलेलं पाणी. आता ओतणार, एवढ्यात चिंगी आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकू, काकू, ऐका ना!
पाणी वाट बदलेना,
माती पोट आवरेना,
पाया खाली बसेना,
भिंत सरळ होईना,
चौकट दार सोडेना,
दार काही उघडेना,
लाडू मला मिळेना!"

काकूंनी बादली खाली ठेवली. डोळे मोठे केले.

"अगं बाई! कुणाचं गं पाणी? कोण ती? नाव सांग मला. आत्ता जाते आणि बघते तिला! दुसऱ्याच्या भिंतीपाशी पाणी ओततं का कुणी?"

चिंगीने काय केलं? नुसतं नाक वर केलं. नाक बादलीकडे. नाक काकूंकडे. परत बादलीकडे. परत काकूंकडे.

काकू गप्प! एकदम गप्प! गल्लीत असं कधी झालं नव्हतं.

मग काकू म्हणाल्या, "मी नाही ऐकत जा! पाणी अळूला घालावं, तर अळू तिकडे परसात. तिथवर बादली कोण नेणार? माझे गुडघे दुखतात. आणि एका बादलीने घर हलतं होय? काहीतरीच!"

"एक नाही काकू. रोज एक!" चिंगी म्हणाली.

तेवढ्यात बादलीमागून कोण आलं? लांब लांब मिश्या. चकचकीत पाठ.

झुरळ!

"आई गंऽऽ!" काकूंनी उडी मारली. टुण्णकन बाकावर! गुडघे दुखत होते ना? ते कुठे गेले, कोण जाणे.

"चिंगे, धर! धर ना गं त्याला!"

चिंगीने शेपटी गुंडाळली. आरामात खाली बसली.

"मी नाही धरत जा!
आधी पाण्याला वाट,
मग झुरळाशी गाठ!"

झुरळ बाकावर चढू लागलं. सरसर सरसर! काकूंनी साडी वर धरली. काकू एका पायावर. झुरळ आणखी वर. सरसर सरसर!

"देते गं देते! वाट देते! आजच देते! आईशप्पथ देते!"

गप्पकन! कुर्रुम कुर्रुम!

झुरळ गेलं.

काकू खाली उतरल्या. दिला शब्द मोडायचा नाही. छपराचा जुना पन्हळ होता, पत्र्याचा. तो ओढून आणला. खणखण खणखण! मागच्या दारापासून थेट अळूपर्यंत टाकला. जरासा उतार दिला. बादली इथे ओतायची, पाणी तिकडे पोचायचं. भस्स! खळखळ खळखळ!

अळू म्हणालं, "या, या! कधीची वाट बघतोय!"

चिंगी धावत दारापाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. दाराखाली नाक घातलं. जाईना!

"मातीमाय, अजून?"

"अजून," माती म्हणाली. "प्यायला वेळ लागला, वाळायलाही लागणार. मला घाई करू नकोस."

दुसऱ्या दिवशी नाक घातलं. जाईना. आठ दिवसांनी घातलं. जाईना. महिना झाला. नाकाचं टोक गेलं! एवढंसंच. पण गेलं! आणखी काही दिवसांनी अर्धं नाक गेलं. लाडवाचा वास आला. चिंगीने डोळे मिटले. मग पूर्ण नाक गेलं. मग कान अडकले.

काकू रोज विचारायच्या, "किती गेलं गं आज?"

चौकस ना!

आणि होळीच्या आदल्या दिवशी...

पाण्याने वाट बदललेलीच होती. खळखळ!
मातीने पोट आवरलं. फुस्स!
पाया खाली बसला. हुश्श!
भिंत सरळ झाली. कट्!
चौकटीने दार सोडलं. खट्!
दार हळूच उघडलं. कुर्रर्रर्र...

आणि लाडू चिंगीला मिळाला!

चिंगी नाचली. शेवंताताई हसल्या. चिंगीने आऽऽ केला आणि लाडवाला चावली.

टण्ण!

पुन्हा चावली.

टण्ण! टण्ण!

संक्रांतीचा लाडू. चिक्कीच्या गुळाचा. होळीपर्यंत वाळलेला. लाडू कसला? दगड!

चिंगीच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. आता दोन तीळ.

काकू तिथेच होत्या. कुठे काय चाललंय, हे बघायला नको? काकू म्हणाल्या, "रडू नको गं बाई! माझ्यामुळे अडकला, मीच फोडते. आण इकडे. लाडूच तो, असा काय असणार?"

शेवंताताई म्हणाल्या, "काकू, खलबत्ता आणते, थांबा!"

थांबतील त्या काकू कसल्या! लाडू तोंडात धरला. डोळे घट्ट मिटले.

कटकन्!

लाडू फुटला. दोन तुकडे झाले. आतून मऊ होता! चिंगीने तुकडे उचलले. चाट चाट चाट! कुर्रुम कुर्रुम! आज थोडा नाही. आज सगळा खाल्ला. पोट टम्म! अगदी काळ्या मातीसारखं.

"चिक् चिक्, काकू!" चिंगी गोड बोलली.

पण फरशीवर तिसरं काय पडलं होतं? पांढरं. एवढंसं. तीळ नव्हता.

दात होता!

काकूंचा. पुढचा.

त्या काकू कोण, ओळखलं का? लांब नाकाची ती दुसरी बाई कोण? मला हे सगळं कसं माहीत?

हे बघा. ईऽऽऽ!

दिसली ना खिडकी?

लाडू चिंगीच्या पोटी, गोष्ट माझ्या ओठी, आणि पाणी? पाणी अळूच्या वाटी!