विरजणाचा खटला

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की त्या राज्याच्या राजाचे नावसुद्धा आता कोणाला सांगता येत नाही. येसूआक्का गवळणीच्या दह्याची आठवण मात्र लोक अजून काढतात. मडके उपडे केले तरी ते दही पडत नसे म्हणे!

आक्काने आपले विरजण बारा गावांतल्या दुकानदारांना दिले होते. पण असे सहजासहजी नाही. जो मागायला येईल, त्याने सात सकाळी तिच्या अंगणात बसून दूध तापवायचे, निववायचे आणि विरजायचे. त्याचा हात पाहून मगच आक्का विरजण देई आणि त्याच्या दुकानाच्या दारावर गेरूत बुडवलेला आपला पंजा उमटवी. तो पंजा दिसला की गिऱ्हाईक डोळे मिटून दही घेई.

त्यातल्या एका गावचा रखमाजी थकला. त्याने दुकान सटवाजी नावाच्या एका बागवाल्याला विकले. दुकान, मडकी, विरजण आणि दारावरचा पंजासुद्धा! बदल्यात सटवाजीने आपली फणसाची बाग दिली. आता त्याच्या लेकराबाळांचे पोट त्या दुकानावरच होते.

"आक्काला विचारायला नको का?" सटवाजीने विचारले.

"तिला काय विचारायचं? दार माझं, मडकं माझं," रखमाजी म्हणाला. खरे तर त्याला भीती वाटत होती. आक्का नको म्हणाली तर सौदाच मोडेल!

बातमी आक्काच्या कानावर गेलीच. ती तरातरा आली, ओल्या फडक्याने पंजा पुसला आणि एक शब्दही न बोलता निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून दुकानाकडे कोणी फिरकेना.

"माझी बाग परत दे," सटवाजी म्हणाला.

"विकलं ते विकलं. तू जाण आणि आक्का जाणे," रखमाजीने हात झटकले. बागेतली निम्मी झाडे तोडून त्याने घराचे वासे करूनही टाकले होते.

झाले! तिघेही न्यायाधीशापुढे उभे राहिले. न्यायाधीश मोठा चौकस. असले भांडण त्याने जन्मात ऐकले नव्हते. तो सावरून बसला आणि म्हणाला, "आधी मला सांगा, हे विरजण आहे तरी कोणाचं?"

"माझं. मी दिलं म्हणून ते आहे," आक्का म्हणाली.

"आक्कानं दिलेलं चमचाभर विरजण पहिल्याच रात्री दुधात मिसळून गेलं," रखमाजी म्हणाला. "पुढं पंधरा वर्षं दूध मी घातलं. मग आजचं दही तिचं कसं?"

"आणि मी बाग देऊन घेतलं ते?" सटवाजीने विचारले.

प्रश्न मोठा गमतीचा होता. खरे सांगू? मलाही त्याचे उत्तर अजून सापडलेले नाही. न्यायाधीशाने पोथ्या काढल्या, पंडित बोलावले, त्यांचे वाद मिटक्या मारत ऐकले. तोवर कोणी लबाडी करू नये म्हणून विरजणाचे मडके दुकानात ठेवून दाराला मोहोर लावली.

"रोज थोडं दूध तरी घालू द्या," सटवाजी काकुळतीला आला.

"अजिबात नाही!" आक्का आणि रखमाजी एका सुरात ओरडले. "त्यानं हात लावला की ते त्याचं ठरेल." एवढ्या एकाच गोष्टीवर त्या दोघांचे एकमत झाले.

सात महिने गेले. निकालाच्या दिवशी न्यायाधीश म्हणाला, "निकाल देण्याआधी ते विरजण एकदा बघू तरी." मोहोर तोडली, मडके उघडले आणि सगळ्यांनी नाकाला पदर नि उपरणी लावली. आत हिरव्या बुरशीखेरीज काही नव्हते.

न्यायाधीशाचीही मान खाली गेली. त्याने सौदा रद्द केला. दुकान रखमाजीला मिळाले आणि बाग सटवाजीला. बागेत निम्मे बुंधेच उरले होते.

सटवाजीला रडू आवरेना. "आक्का, पंजा पुसताना एक शब्द बोलला असतात, तर मी दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगणात येऊन बसलो असतो."

आक्काला फार वाईट वाटले. "मी तुझा हात पाहिलाच नाही रे," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर. घरच्या मडक्यातलं विरजण देते."

पण ते घेऊन करायचे काय? सात महिने दुकान बंद पाहून गावातल्या बायका शेजारणीकडून विरजण मागून घरोघरी दही लावायला शिकल्या होत्या. विकत घेणारे कोणी उरलेच नव्हते. सटवाजी बुंध्यांना पाणी घालत बसला आणि रखमाजी रिकाम्या दुकानात माश्या मारत बसला.

तात्पर्य: जिवंत गोष्ट उपाशी ठेवून तिच्या मालकीसाठी भांडले, तर जिंकणाऱ्याच्याही हाती रिकामे मडकेच येते.