सामाचा उंबरा

ज्याला घर नाही, त्याच्या दारात थांबून ‘आत येऊ का?’ असे तुम्ही कधी विचारले आहे का?

पूर्वी सोमवती नगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. एका वर्षी पुराने नदीकाठची वस्ती वाहून नेली. थंडीत उघड्यावर माणसे मरू लागली, तेव्हा अमात्यांनी वेशीजवळ निवारा बांधला. रोगराई पसरू नये म्हणून त्यांनी नियम केला, की आत येणाऱ्याने अंघोळ करावी आणि त्याचे जुने सामान जाळून टाकावे. नियम चांगल्या मनाने केला होता.

वेशीबाहेर सामा नावाची म्हातारी राहत असे. पुरानंतर तिच्या घराचा फक्त उंबरा तिच्या हाती लागला होता. किडलेले ते लाकूड ती झाडाखाली मांडी, त्याला रोज हळद लावी आणि त्याच्या आत झोपे.

लोक हसत. “आजी, भिंती कुठे गेल्या?”

“गेल्यात फिरायला. तू उंबऱ्याबाहेर थांब.”

एका संध्याकाळी निवाऱ्याच्या कारभाऱ्याने, पिंगलाने, तिला समजावून आत आणले. नियमाप्रमाणे उंबरा चुलीत गेला; तिच्या अंघोळीचे पाणी त्याच लाकडावर तापले. बाहेर आल्यावर तिने चुलीकडे पाहिले आणि ओल्या केसांनीच ती झाडाखाली जाऊन बसली.

अमात्य धावत आले. “आजी, आत चला. गारठा फार आहे.”

“माझं घर जाळलंत, आणि आता घरात चला म्हणता?”

पिंगल कुरकुरला, “तिच्या भल्यासाठीच जाळलं, स्वामी. शिपायांकडून उचलून आणू का?”

“नको. नियम माझा होता. चूकही माझीच.”

उंबऱ्याच्या जागी मातीत हळदीचा पुसट डाग उरला होता. अमात्य त्याच्या अलीकडे थांबले. “आजी, आत येऊ का?”

त्यांच्यामागे उभ्या शिपायांकडे पाहून ती म्हणाली, “ये. शिपाई बाहेर राहू देत.”

विचारून त्यांनी आपली शाल तिच्या अंगावर घातली आणि ते तिच्याजवळ बसून राहिले.

एवढी कथा सांगून भगवान विहारातल्या भिक्षूंना म्हणाले, “विहाराच्या दारातल्या निराधार माणसाचे गाठोडे काल कचऱ्यात टाकणारा भिक्षू भद्दिल हा तेव्हाचा पिंगल. तो गाठोडेवाला म्हणजे सामा. अमात्य मीच होतो. देताना दुसऱ्याचा मान राखते, ती करुणा.”

भद्दिलाने खालमानेने विचारले, “आणि सामाचे पुढे काय झाले?”

भगवान म्हणाले, “दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. तिला न्यायला आलेल्या माणसांना अमात्यांनी हळदीच्या डागाबाहेर थांबवले, आणि आत यायची परवानगी तिच्याकडेच मागायला लावली.”