गार राखेतला निखारा

"पोरी, तुझ्या दारी कुणी विस्तव मागायला आलं तर नाही म्हणू नकोस. आपलं की परकं, हेही विचारू नकोस."

नवी नवरी होऊन सगुणा महाराजांच्या पाया पडायला गेली, तेव्हा एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं. ते शब्द तिच्या कानांतून कधी गेले नाहीत.

उमागिरी महाराज त्या वेळी निमसोडी गावाबाहेर, चिंचबनातल्या मोडक्या धर्मशाळेत राहत. अंगावर एक कफनी आणि मुखात नाम. कुणाकडे काही मागत नसत. आलेल्या बायाबापड्यांना ते ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे नेम देत. सगुणेला हा विस्तवाचा नेम मिळाला. काडेपेटी तेव्हा त्या भागात पोचली नव्हती. चकमक असे ती थोरामोठ्यांच्या घरी. बाकीच्या घरी चूल विझली की बाईनं खापरीत शेणकूट घ्यावं आणि शेजारणीकडून विस्तव आणावा, अशी रीत. सगुणा रोज निजण्याआधी निखारा राखेत झाकून ठेवी. सकाळी मागेल तिला हसतमुखानं देई, चुलीला हात जोडी आणि मगच आपलं आधण ठेवी.

तिचा नवरा तुळाजी सूत रंगवायचा. हात मोठा गुणी! त्याच्या निळीचा रंग लुगडं विरलं तरी उतरत नसे. पण गिरणीचं रंगीत सूत बाजारात येऊ लागलं आणि कोष्ट्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. रंगाचे रांजण पालथे पडत गेले. घरात येणारा पैसा निम्म्यावर आला, आणि नेमकं त्याच साली सगुणेचं पहिलं बाळंतपण अडलं. वैद्य, औषध, सुईण, सगळं उसनवारीनं झालं. लेक काशी वाचली, सगुणा वाचली, पण नागोशेट सावकाराचं कर्ज उरावर राहिलं.

दोघं जिवाचं रान करत होती. तुळाजी दिवसा सूत रंगवी, संध्याकाळी लोकांची लाकडं फोडी. सगुणा काशीला पाठीशी बांधून दळणं आणी. तरी जे देत ते व्याजातच जिरे. शेवटी तुळाजी सावकाराकडे जाऊन म्हणाला, "शेटजी, मी बुडवणारा नाही. थोडं थोडं घ्या. घरात अंगावरचं लेकरू आहे."

नागोशेट हसले. "लेकरू मला विचारून केलंस का रे?"

नागोशेटांना एका गोष्टीचा मोठा अभिमान होता, तो आपल्या उपासांचा. एकादशी निर्जळी, प्रदोष निर्जळी. 'माझ्यासारखा उपास या पंचक्रोशीत कुणी करून दाखवावा,' असं ते पारावर बसून सांगत. आणि मंडळी, सांगताना जीभ जड होते, हाच उपास त्यांनी वसुलीला जुंपला होता. त्या काळी धरणं धरून बसायची चाल होती. सावकारानं ऋणकोच्या दारात घोंगडी टाकून उपाशी बसायचं. तो उठेपर्यंत त्या घरात चूल पेटवायची नाही, कुणी अन्नाला शिवायचं नाही. मोडलं तर दारातल्या उपाशी माणसाचं पाप त्या घराच्या माथी! लोक मरणाला भीत नसत एवढे या पापाला भीत.

एका सकाळी सगुणा चुलीपुढे आधण ठेवायला बसली, तो दारात घोंगडी पडली.

"विझव ती चूल," नागोशेट बाहेरूनच म्हणाले.

तिनं तांब्याभर पाणी ओतलं. चुलीतून वाफ उठली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरातला विस्तव गेला.

पहिला दिवस कसाबसा निभावला. दुसऱ्या दिवशी सगुणेचं दूध आटलं. आईच्या पोटात घास नाही, मग लेकराला कुठून मिळणार? काशी ओढून ओढून दमली, आकांत करू लागली. तुळाजीनं सावकारापुढे पदर पसरावा तसं उपरणं पसरलं. "शेटजी, आम्ही उपाशी राहू. तिला तरी..."

"तिला कोण नको म्हणतंय? पाजू दे की तिच्या आईला. दूध काय चुलीवर होतं?"

समोरच्या ताराऊला राहवलं नाही. शेळीच्या दुधाची वाटी पदराआड घेऊन ती आली. नागोशेटांनी घोंगडीवरूनच बोट दाखवलं. "उंबरा ओलांडलास तर पाप तुझ्या घरी येईल हो ताराबाई. तुलाही नातवंडं आहेत." ताराऊचा पाय उचलला तसाच खाली आला. वाटीतलं दूध हिंदकळून तिच्या हातावर सांडलं. ती तोंड फिरवून रडत परत गेली. आळीतली माणसं दारं लोटून घेऊ लागली. कुणाला बघवत नव्हतं आणि कुणाला धजवतही नव्हतं.

"आणि काय हो सगुणाबाई," नागोशेट गमतीनं म्हणाले, "गावाला विस्तव वाटत होतात ना? तुमच्या त्या गोसाव्याला म्हणावं, आता तूच दे थोडा! का त्याचीही धुनी विझली?"

तुळाजी संतापानं उठला, पण सगुणेनं त्याचा हात धरला. "राहू दे. आपण घेतलंय, आपण देणं लागतो. मला बोलतात तर बोलू देत, महाराजांना बोललेलं महाराज बघतील."

तिसऱ्या दिवशी काशीचं रडणं थांबलं. रडत होती तोवर आईला धीर होता. आता ती नुसती डोळे अर्धे उघडून पडली. सगुणेनं गार चुलीपुढे तिला मांडीवर घेतलं. काय मागावं हेसुद्धा तिला सुचेना. ओठांतून नाम तेवढं येत होतं.

तेवढ्यात सावकाराकडची मोलकरीण हौसा धापा टाकत आली. "शेटजी, घरची चूल पेटंना झालीया."

"लाकडं ओली असतील."

"वाळली हायेत जी. चकमक झाडली, ठिणगी पडतीय, पण कापूस धरंना. आळीतनं विस्तव आणला, तर उंबऱ्यात आला की काळा पडतोय!"

"खुळी का काय तू? जा, तेल ओत."

हौसा गेली. नागोशेट हसले खरे, पण घोंगडीवर त्यांची चुळबुळ सुरू झाली. कारण घरात सून बाळंत होऊन पाचवा दिवस होता, आणि बाहेर पौषाचं बोचरं वारं सुटलं होतं.

थोड्या वेळानं आळीतली दारं एकेक करून उघडली. जे दिसलं त्यानं माणसं जागच्या जागी थिजली. सावकारीणबाई, गोदूबाई, जिच्या डोक्यावरचा पदर कधी कुणी ढळलेला पाहिला नव्हता, ती उघड्या डोक्यानं, अनवाणी, हातात रिकामी खापरी घेऊन धावत येत होती.

"अहो, उठा! सुनेची शेगडी पेटत नाही. पाणी नाही, पेज नाही, शेक नाही. काल संध्याकाळपासून विझलंय सगळं. ती काकडतेय, आणि पोर... पोर गार पडत चाललंय हो!"

"काल संध्याकाळपासून? मग मला आत्ता सांगता?"

"तुमच्या धरण्यात विघ्न नको म्हणून! मी महाराजांकडे गेले होते चिंचबनात. ते म्हणाले, 'माय, विस्तवाला दोन घरं कळत नाहीत. तुमच्या यजमानांनी बंदी घातली, ती त्यानं पाळली. जी चूल त्यांनी विझवली, तिचाच विस्तव तुमच्या घरी टिकेल.'"

गोदूबाईनं रिकामी खापरी नवऱ्यापुढे धरली. सगळ्यांना कळलं होतं. सगुणेची चूल पेटली की धरणं मोडलं. आणि ती पेटव असं म्हणणं नागोशेटांनाच भाग होतं. त्यांनी सगुणेच्या दाराकडे तोंड वळवलं.

"सगुणाबाई... चूल पेटवा. आम्हाला विस्तव द्या."

कुणी म्हणालं असतं, 'आता कसं?' तुळाजीच्या ओठांवर ते आलंही होतं. पण सगुणेला नेम आठवला. आपलं की परकं, विचारायचं नाही. तिनं काशीला नवऱ्याच्या हातात दिलं. पण विस्तव द्यायचा कुठून? पाणी ओतून विझवलेली चूल ती! राख भिजून, वाळून तिची ढेपळं झाली होती. तरी मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? 'महाराज, तुमचा नेम, तुम्हीच राखा,' असं म्हणून तिनं राखेत हात घातला.

बोटं गार. मनगटापर्यंत गार. आणि मग तळाशी काहीतरी हाताला लागलं. तिनं मूठ बाहेर काढली, उघडली, आणि ताराऊ मोठ्यानं किंचाळली. सगुणेच्या उघड्या तळहातावर लालभडक निखारा होता! धगधगत होता, आणि तिच्या कातडीला साधा चट्टाही नव्हता.

तिनं आधी गोदूबाईची खापरी भरली. मग स्वतःची चूल फुंकली.

निखारा सावकाराच्या उंबऱ्याआत गेला आणि तिथल्या चुली भडाभडा पेटल्या. इकडे ताराऊनं कुणाची वाट न पाहता उंबरा ओलांडला, कोमट दुधाचं बोळकं काशीच्या ओठांना लावलं. पहिला थेंब ओघळला. दुसराही ओघळला. तिसरा काशीनं गिळला! सगुणेच्या तोंडून हुंदका फुटला तो तेव्हा.

हौसा निरोप घेऊन आली. बाळ रडलं, सुनेच्या अंगात ऊब आली. नागोशेट अजून घोंगडीवरच होते. उठायचं बळ त्यांच्यात नव्हतं. आळीच्या तोंडाशी महाराज उभे होते, कधी आले कुणाला कळलं नाही. ते जवळ आले आणि सावकाराला उठवायला त्यांनी उजवा हात पुढे केला.

नागोशेटांनी तो हात पाहिला आणि ते मागे सरकले. तळहात भाजून काळा झाला होता. मधोमध मोठा फोड, कडेचं कातडं सोललेलं. निखारा मुठीत धरून ठेवावा तसा.

"महाराज, हे...?"

"राखेत विस्तव टिकत नाही, शेटजी. कुणाला तरी तो धरून ठेवावा लागतो," महाराज सहज म्हणाले. "चला, उपास सोडा. ही बाई पहिला घास देईल."

पारावर बसून उपास मिरवणारा तो माणूस रंगाऱ्याच्या अंगणात आडवा झाला. महाराजांच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मग उठून सगुणेच्या उंबऱ्याला त्यानं कपाळ टेकलं. "माझ्या पदरी कर्जाचा असा कागद नको. फाडून टाकतो."

"फाडू नका," महाराज म्हणाले. "घेतलेलं द्यावं. पण देणाऱ्याच्या घरी चूल पेटती ठेवून घ्यावं. काय तुळाजी?"

तुळाजीनं लेकीला छातीशी धरून हात जोडले. "बाजाराच्या दिवशी आधी घरचे दाणे घेईन. मग उरेल ते, चार आणे असोत की दोन पैसे, शेटजींच्या हातात. एक बाजार चुकवणार नाही."

"आणि व्याज?" महाराजांनी नागोशेटांकडे पाहिलं.

"ते तीन दिवसांत फिटलं, महाराज," नागोशेट खाली मान घालून म्हणाले.

पुढच्या बाजारी तुळाजीचं थोडंच सूत खपलं. त्यानं जोंधळे घेतले, काशीसाठी गुळाचा खडा घेतला आणि पिशवी घरी आणून ठेवली. उरलेले पैसे मोजायची गरजच नव्हती, इतके थोडे. सगुणा काशीला पाजत बसली होती. तिनं नुसतं वर पाहिलं. कर्ज झाल्यापासून सावकाराचं घर टाळायला तुळाजी नेहमी ओढ्याकडच्या वाटेनं जायचा. आज त्यानं उपरणं खांद्यावर टाकलं, दार हलकेच ओढून घेतलं, आणि दिवसाउजेडी, भर आळीतून, तो सरळ वाटेनं नागोशेटांच्या घराकडे चालू लागला.