बुधवारी निजणारी भट्टी

ऐका भट्टीमाते, तुमची कहाणी. आटपाट नगर, नगराला वेस, वेशीच्या आत उतरती गल्ली. त्या गल्लीत बनाबाई राहत होती. घरात धनी होता, सासू होती, परसात विटांची भट्टी होती. बनाबाई नानकटाई करी, खारी करी, केक करी. हाताला गुण असा, की पत्रा भट्टीबाहेर यायच्या आत दारात गिऱ्हाईक उभं. तिला घड्याळ लागत नसे. नानकटाई झाली की नाही, ते तिचं नाक सांगे.

मग काय झालं? बारशाची ऑर्डर आली, घेतली. वाढदिवसाची आली, घेतली. मुंजीची आली, तीही घेतली. नाही म्हणायला जीभ उचलेना. गेलेलं गिऱ्हाईक परत यायचं नाही, असं तिच्या मनानं घेतलं. मग पहाटे भट्टी, दुपारी भट्टी, दिवेलागणीला भट्टी. उभ्यानं चहा, उभ्यानं घास. कंबर धरली, पोटऱ्या सुजल्या. सासू म्हणाली, बाई, जरा टेक. बनाबाईला वाटलं, म्हातारीला माझी बरकत बघवत नाही.

शेजारी तान्हूबाई होती. तिचीही भट्टी होती. दर शनिवारी ती भट्टी गार ठेवी. पुढे रांगोळी काढी, तोंडावर ओलं फडकं घाली, हळदकुंकू वाही, आणि ओट्यावर पाय पसरून शेंगा खात बसे. बनाबाईनं विचारलं, "बाई बाई, हा कसला वसा?"

"भट्टीच्या निजेचा. आठवड्यातला एक वार भट्टी निजवावी. पत्र्यावर मावेल तेवढंच काम घ्यावं, बाकीच्याला गोड बोलून नाही म्हणावं. पहिली नानकटाई घरच्यांनी खावी, बसून खावी. उतू नये, मातू नये. मी शनवार धरलाय, तू बुधवार धर."

"बुधवारच का?"

"त्या दिवशी माझी भट्टी जागी असते. तुझं गिऱ्हाईक उपाशी जायचं नाही."

बनाबाईच्या मनात पाल चुकचुकली. बुधवारी वेशीत बाजार भरतो. वसा मी वसायचा आणि बाजारचं गिऱ्हाईक हिनं न्यायचं. पण ऐकलेला वसा टाकावा, तर भट्टीमाता कोपेल. मग तिनं युक्ती केली. बुधवारी पुढे रांगोळी काढली, भट्टीवर फडकं घातलं, आणि मागच्या खोलीत शेगडी पेटवली. कढईत वाळू तापवली, वर झाकण घालून नानकटाई भाजायला लावली. वास तान्हूबाईकडे जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत पोती कोंबली. सगळा धूर आपणच गिळला.

पहिल्या बुधवारी तिला तुपाचा वास येईना. दुसऱ्या बुधवारी वेलचीचा येईना. तिसऱ्या बुधवारी कशाचाच येईना. मग ती गिरणीवाल्यावर घसरली, म्हणाली, तू पिठात भेसळ करतोस. तो म्हणाला, बाई, हेच पीठ माझ्या घरी शिजतं. मग ती धन्यावर घसरली, तूप कुठून आणलंस म्हणाली. तो गप्प राहिला, तर तिला वाटलं, चोराला तोंड नसतं. मग ती भिंतीपलीकडे बघू लागली. तान्हूबाई हसली तरी संशय, न हसली तरी संशय.

मग नगरशेटाच्या घरी लग्न निघालं. ऑर्डर मोठी, बनाबाईनं एकटीनं घेतली. पत्रे भट्टीत सरकवले आणि शेजारीच बसली. गल्ली ओरडू लागली, जळतंय, जळतंय. बनाबाईच्या नाकाला पत्ता नाही. तान्हूबाई धावत आली, पदरानं पत्रा ओढला. नानकटाई कोळसा झाली होती. लग्नघरानं तोंड फिरवलं.

बनाबाई म्हणाली, "तूच काहीतरी केलंयस. बुधवारचं सोंगसुद्धा तूच माझ्या गळ्यात घातलंस."

"सोंग होतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे," तान्हूबाई म्हणाली. "तुझ्या पोत्यांतून धूर येतो. पोरं म्हणतात, बनाकाकूचं घर विडी ओढतंय."

बनाबाईनं तरी विश्वास ठेवला नाही. पुढच्या बुधवारी तिनं शेगडीही विझवली, ती पाळत ठेवायला. खिडकीत बसली, डोळे तान्हूबाईच्या दारावर. एक गिऱ्हाईक आलं, रांगोळी पाहिली, पलीकडे गेलं. बनाबाईच्या छातीत आग पडली. तान्हूबाईनं त्याला खारी दिली आणि म्हणाली, केक मात्र बनाबाईच्या हातचा न्या, उद्या या. बनाबाईला वाटलं, मी ऐकतेय हे हिला कळलं असणार. सासूनं पाठीशी उशी ठेवली. तिला वाटलं, मला निजवून या दोघी काही ठरवणार. तशातच डोळा लागला.

किती निजली कोण जाणे. दिवेलागणीला जागी झाली आणि डोळे न उघडताच म्हणाली, "सासूबाई, भाकरी उलटा, खालून करपतेय."

सासूनं तव्याकडे पाहिलं, भाकरी उलटली. खरंच करपली होती. म्हणाली, "अगं, तू तर तिकडे निजलेली. तुला कसं कळलं?"

बनाबाईनं नाकाला हात लावला आणि ओक्साबोक्शी रडली. ती करपलेली भाकरी तिनं पानावर घेतली, बसून खाल्ली.

मग शनिवार आला. तान्हूबाईची भट्टी निजली, तिचं गिऱ्हाईक बनाबाईच्या दारात आलं, महिन्याच्या महिन्याला नानकटाई हवी म्हणालं. बनाबाईच्या तोंडी होकार आला. तिनं तो गिळला. म्हणाली, "आजची घेऊन जा. पुढचं तान्हूबाईशी बोला, उद्या तिची भट्टी उठेल."

भट्टीमाते, बनाबाईला जशी प्रसन्न झालीस, तशी या ऐकणाऱ्या बायांना हो. त्यांच्या हाताला काम दे, कामाला वेस दे, शेजाराविषयी शंकेचं मन देऊ नको. ही निजल्या भट्टीची कहाणी, बसून सांगितली, बसून ऐकली, सुफळ संपूर्ण झाली.