शेजारची रेघ

"आजपासून या राज्यात बावनकशी एकच, मी!" अरिमर्दन राजाने दवंडी पिटवली.

बावन्न वेळा कसोटीच्या दगडावर घासलं तरी जे कमी ठरत नाही, त्या सोन्याला सोनार बावनकशी म्हणत. लोक भल्या माणसालाही तसंच म्हणत. आता तसं कुणाला म्हटलं की तुरुंग!

पहिला सापडला विसोबा सोनार. अडलेली बाळंतीण सोडवून, घोटभर पाणीही न पिता निघालेल्या भागू सुईणीकडे बघून तो बोलून गेला, "बाई बावनकशी आहे हो!" शिपायांनी त्याला तिथूनच उचललं.

त्याची लेक येसू दरबारात आली. एका हातात बापाचा कसोटीचा दगड, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"सोनाराची पोर ना?" राजाने नाक मुरडलं. "मग लाव मला कसाला! पण अंगाला हात लावायचा नाही. बावनकशी ठरवलंस तर बाप सुटेल. नाही जमलं, तर तूही त्याच्याशेजारी!"

दरबार फिदीफिदी हसला. येसूला तुरुंगातल्या बापाचा खोकला आठवला. तिने मुठीतल्या वस्तूने काळ्या दगडावर पिवळी रेघ ओढली.

"हे काय, महाराज?"

"सोनं! आंधळाही सांगेल."

"आणि दिवाणजी, तुम्हाला काय वाटतं?"

"वा! अस्सल सोनं!"

येसूने मूठ उघडली. "आमच्या शेळीच्या गळ्यातलं घुंगरू. पितळेचं!"

दिवाणजी वाकून ते घुंगरू न्याहाळू लागले.

"महाराज, आता आपली सोन्याची अंगठी द्या." तिने पहिलीला लागून अंगठीची रेघ ओढली. घुंगराची रेघ लगेच फिकी पडली.

"बघितलंत? एकटी असली की पितळेची रेघही सोन्याची वाटते. कस कळतो तो शेजारच्या खऱ्या रेघेमुळे. तुम्हाला मी कुणाशेजारी लावू? दुसरा बावनकशी तुम्ही ठेवलाच नाहीत! ही दवंडी आहे तोवर तुम्ही सोनं की घुंगरू, ते देवालाही सांगता यायचं नाही!"

राजा लालबुंद झाला. मग त्याची नजर दिवाणजींकडे गेली.

"दिवाणजी, शेळीच्या घुंगराला अस्सल सोनं म्हणालात?"

"महाराज, आधी आपणच..."

राजाला हसू फुटलं. तो इतका हसला की मुकुट कानावर आला! "सोडा रे त्या सोनाराला! आणि ती दवंडी गेली चुलीत!"

त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं.

येसूने ते तिथेच दगडावर घासलं, अंगठीच्या रेघेला लागून. डोळे बारीक करून पाहिलं.

"चालेल," ती म्हणाली.